डीजेनंतर कानात शिट्टी राहिली तर

हळदीच्या रात्री डीजेच्या गाडीपुढे दोन-तीन तास नाचून घरी आलं की कानाला दडे बसलेले असतात, आणि गादीला पाठ टेकली की बारीक शिट्टी ऐकू येते. कुणाला रातकिडे ओरडल्यासारखं वाटतं, कुणाला कुकरची वाफ सुटल्यासारखं, कुणाला विजेची तार गुणगुणल्यासारखं. अहिराणीत लोक सरळ म्हणतात, 'कानमा शिट्टी वाजस.' डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात कर्णनाद. बहुतेकांची शिट्टी एक-दोन दिवसांत विरून जाते. काहींची राहते. पुढचं बहुतेक सगळं त्या राहिलेल्या शिट्टीबद्दल आहे, पण पहिले दोन दिवस फार मोलाचे असतात म्हणून सुरुवात तिथून.

पहिले ४८ तास

कानाला विश्रांती द्यायची, पण शांततेत कोंडायचं नाही. पंखा चालू, स्वयंपाकघरातला वावर, माणसांचं बोलणं एवढं चालतं. हेडफोन, मिक्सरशेजारी उभं राहणं, फटाके आणि दुसऱ्या दिवशीची वरात चालत नाही. आपल्याकडे हळद, लग्न, वरात असा सलग डीजे वाजतो आणि खरा घात दुसऱ्या रात्री होतो. आदल्या रात्रीचा कान सावरलेला नसतो. दडे बसल्यामुळे आवाज कमी वाटतो, म्हणून माणूस टॉपच्या, म्हणजे डीजेच्या गाडीवरच्या मोठ्या स्पीकरच्या, आणखी जवळ जातो. थकलेल्या कानाला पूर्ववत व्हायला साधारण १६ ते ४८ तास लागतात. तेवढा काळ त्याला द्या.

कानात काहीही घालू नका. लसूण घालून कढवलेलं तेल हा घरोघरचा उपाय आहे, पण शिट्टी पडद्याच्या आतल्या बाजूला तयार होते आणि तेल तिथे पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र ते आत उतरतं आणि कान पिकतो. काडीने, पिनेने मळ काढणंही नको. ढकलला गेलेला मळ पडद्याला चिकटला की शिट्टी आणखी ठळक होते.

एक चाचणी घरी होते. तोंड मिटून खालच्या सुरात 'हूंऽऽ' असा आवाज काढा आणि तो कुठल्या कानात जास्त घुमतो ते पाहा. दोन्हीकडे सारखा घुमला तर ठीक. एक कान बंद वाटत असेल आणि आवाज त्याच बंद कानात जास्त घुमत असेल, तर बहुधा मळ किंवा पाणी साचलंय. पण बंद वाटणाऱ्या कानात कमी आणि चांगल्या कानात जास्त घुमत असेल, तर आतल्या कानाला मार बसल्याची शक्यता आहे. मग 'बघू दोन दिवस' म्हणायचं नाही, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. अचानक कमी झालेल्या ऐकण्यावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका उपयोगी. दोन आठवडे गेल्यावर हाती फारसं लागत नाही. ही चाचणी फक्त घाई किती करायची हे सांगते, निदान करत नाही. ऐकू येणं खरंच कमी झाल्यासारखं वाटत असेल, तर 'हूं' काहीही सांगो, डॉक्टरकडे जायचंच.

याशिवाय तातडीची कारणं अशी: शिट्टी एकाच कानात आहे आणि दोन-चार दिवसांत कमी होत नाही, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक येतो, चक्कर येऊन खोली फिरते, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडते, कानातून पू किंवा रक्त येतं.

शिट्टी येते कुठून

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात एका कानाला सुमारे १५,००० केसपेशी. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला निरोप धाडतात. मोठ्या आवाजाने त्या आधी वाकतात, मग मरतात, आणि माणसात मेलेली केसपेशी परत उगवत नाही. सगळ्यात आधी मार बसतो तो ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्याला, म्हणून बहुतेकांची शिट्टी बारीक आणि उंच सुराची असते.

रेडिओवर जळगाव आकाशवाणी नीट लागत नसली की आपण आवाजाचं बटण फिरवतो. बातम्या स्पष्ट होत नाहीत, खरखर मात्र वाढते. मेंदू अगदी हेच करतो. ज्या पट्ट्यातून निरोप येणं कमी झालं, त्या पट्ट्याचं बटण तो वाढवतो आणि आपल्याच नसांची खरखर आपल्याला शिट्टी म्हणून ऐकू येते. दोन गोष्टी यावरून पक्क्या होतात. भोवती जितकी शांतता, तितकं बटण वर. आणि त्या आवाजाची जितकी भीती, तितका मेंदू त्याला धोक्याची घंटा समजून पुढे आणून ठेवतो. केसपेशी आपल्या हातात नाहीत. शांतता आणि भीती या दोन्ही आहेत, आणि शिट्टीसोबत नीट जगण्याची सगळी मेहनत या दोनच जागी करायची असते.

दात आवळल्यावर किंवा मान वळवल्यावर शिट्टीचा सूर बदलतो, हे लक्षात आलं की लोक फार घाबरतात. हे पुष्कळांना होतं. मान-जबड्याच्या नसांचे धागे मेंदूत ऐकण्याच्या वाटेला जोडलेले असतात, एवढंच. जबडा दुखत असेल किंवा मान आखडलेली असेल तर तिचा उपचार करून घ्या, कधीकधी शिट्टीलाही थोडा उतार पडतो.

तपासणीत काय मागायचं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. आधी तिथे कान-नाक-घसा विभागाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. तपासणी या क्रमाने होते: दुर्बिणीने कान बघणं, मळ असेल तर काढणं, मग बंद खोलीत हेडफोन लावून श्रवण तपासणी. तपासणीच्या आदल्या संध्याकाळपासून मोठ्या आवाजात जाऊ नका. थकलेल्या कानाचा आलेख खोटा येतो. जिनिंगमध्ये किंवा तेलगिरणीत कामाला असाल तर सुट्टीच्या दिवसानंतरची सकाळ धरा.

आलेखाची प्रत मागून घ्या, फाइलमध्ये ठेवा आणि स्वतः वाचा. आडव्या रेघेवर २५० पासून ८,००० पर्यंत आकडे असतात, तो सुराचा उंचपणा. उभ्या रेघेवर खाली खाली वाढत जाणारे डेसिबल, तो आवाजाचा मोठेपणा. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. २५ डेसिबलच्या रेघेच्या वरच्या बाजूला, म्हणजे २५ पेक्षा कमी आकड्यावर, राहिलेल्या खुणा मोठ्यांमध्ये साधारण चांगल्या धरतात. मोठ्या आवाजाचा मार बसलेल्या कानाचा आलेख २,००० पर्यंत सपाट येतो, ४,००० जवळ खड्ड्यात उतरतो आणि ८,००० ला पुन्हा थोडा वर येतो. तो खड्डा दिसला की कारण बहुधा कळलं.

आलेख अगदी सरळ आला तरी शिट्टी खोटी ठरत नाही. नेहमीची तपासणी ८,००० हर्ट्झवर थांबते, आणि केसपेशी जिवंत राहून त्यांचे नसेशी असलेले सांधे तुटले तर ते आलेखात दिसत नाही. 'सगळं नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत' असं ऐकून परत आलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. शिट्टी एका बाजूची असेल, दोन कानांच्या ऐकण्यात ठळक फरक असेल, आवाज ठोक्याबरोबर येत असेल किंवा नसांची इतर लक्षणं असतील तेव्हा डॉक्टर तो सांगतात. दोन्ही कानांत सारखी शिट्टी, डीजेचं कारण उघड आणि आलेख समतोल असेल, तर ते पैसे राहू द्या.

आता गोळ्या. शिट्टी घालवणारं असं सिद्ध झालेलं औषध आजमितीला नाही. बीटाहिस्टिन सर्रास लिहून दिली जाते, पण टिनिटसवर तिचा उपयोग होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जिंको, झिंक, मेलाटोनिन यांबाबत अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक सूचना 'देऊ नका' असंच सांगते. महिन्याला हजारभराच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या तर 'या कशासाठी, किती दिवस' हे आदराने विचारा. झोप उडाली असेल, चिंता किंवा उदासी जडली असेल, तर त्यावरची औषधं वेगळी आणि ती गरजेची असू शकतात. ती मनाने बंद करू नका. उलट काही औषधं शिट्टी वाढवतात: मोठ्या मात्रेतली अॅस्पिरिन, क्विनीन, जेंटामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शनं. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी 'मला कानात आवाज आहे' हे आधी सांगा.

ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र हा सगळ्यात दुर्लक्षित आणि फार उपयोगी उपाय आहे. बाहेरचे आवाज आत आले की मेंदू बटण खाली आणतो, शिट्टी मागे सरते. आलेखाप्रमाणे यंत्र जुळवून, काही दिवस वापरून पाहून मगच घ्या. 'मोफत तपासणी' करून लगेच यंत्र गळ्यात घालणाऱ्या दुकानात आलेखाची प्रत मागा. देत नसतील तर तिथून उठा.

आवाजाची सोय

खान्देशात शिट्टीचं एक वर्षभराचं वेळापत्रक असतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ कडे जातो आणि घरोघरी रात्रभर कूलर धडधडतो. तेव्हा शिट्टी असूनही फारशी जाणवत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस आणि पंखा असतो. मग विसर्जन, दांडिया, दिवाळीचे फटाके, तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई असा कानावर मारा होतो, आणि त्याच्या पाठोपाठ थंडी. कूलर केव्हाच माळ्यावर गेलेला, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, अंगावर गोधडी. डिसेंबरच्या त्या चिडीचूप रात्री माणूस दचकून उठतो: 'अचानक वाढली!' कानाला त्या रात्री नवीन काही झालेलं नसतं. झाकणारा आवाज गेला, एवढंच झालं.

म्हणजे करायचं काय, तर कूलरचं काम थंडीतही चालू ठेवायचं. सगळ्यात स्वस्त सोय टेबल फॅनची. तो सगळ्यात कमी वेगावर ठेवून त्याचं तोंड भिंतीकडे करा, वारा अंगावर येत नाही आणि आवाज तेवढाच राहतो. कूलर घरातच असेल तर पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा, तोंड खिडकीबाहेर, तोही चालतो.

दुसरी सोय मोबाइल आणि छोट्या ब्लूटूथ स्पीकरची. पावसाचा, नदीचा, कूलरचा, किंवा एकसारखा 'शूऽऽ' आवाज असलेली लांब फाइल उतरवून घ्या. जाड, घोगरा आवाज बहुतेकांना झोपेसाठी बरा पडतो. बारीक सळसळ काहींना टोचते. दोन-तीन प्रकार प्रत्येकी चार रात्री वापरून ठरवा. तीन चुका टाळा. गाणी लावू नका, शब्द आले की मेंदू ऐकत बसतो. ऑनलाइन व्हिडिओ लावून झोपू नका, रात्री दोनला मोठ्या आवाजात जाहिरात वाजते आणि पुढची झोप जाते. आणि कानात इअरफोनची बोंडं घालून झोपू नका. स्पीकर उशीपासून हातभर लांब, फोन विमान मोडवर.

आवाज किती ठेवायचा यावर सगळं अवलंबून आहे. शिट्टी पूर्ण झाकेपर्यंत वाढवायचा, हा पहिला मोह. तसं केलं की बंद करताच शिट्टी दुप्पट वाटते, आणि मेंदूला तिची सवय व्हायची संधीच मिळत नाही. योग्य मात्रा अशी लावा: आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा. एक जागा येते जिथे बाहेरचा आवाज आणि शिट्टी एकमेकांत मिसळायला लागतात, म्हणजे दोन्ही ऐकू येतात पण कड पुसट होते. तिथून एक घर खाली या. ती तुमची जागा. खोलीत दुसऱ्या माणसाला त्रास होत असेल तर उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर मिळतो.

दिवसाही घर पूर्ण मुकं ठेवू नका. दुकानात, अभ्यासाच्या टेबलावर, रात्री पाणी भरायला शेतात गेल्यावर मंद रेडिओ असू द्या. वीज गेली की पंख्याबरोबर आवाजाची सोयही जाते आणि नेमकी झोपमोड होते, म्हणून बॅटरीवरचा स्पीकर चार्ज करून उशाशी ठेवा.

मेंदूला सवय लागायला सहा महिने ते दीड वर्ष लागतं. आठवड्याभराने 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे खूप असतात. पहिला फरक शिट्टीच्या आवाजात दिसत नाहीच. जेवताना, गाडी चालवताना अर्धा तास ती आठवली नाही, असा दिसतो.

रात्र

उठायची वेळ पक्की करा, झोप कशीही झालेली असो. झोप येईपर्यंत गादीवर जाऊ नका. पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या जागी बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, जांभया आल्या की परत या. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा.

पडल्यापडल्या 'आज किती आहे' म्हणून कान टवकारून तपासायची सवय लागते. ही सवय शिट्टीपेक्षा जास्त झोप खाते. तपासायची इच्छा झाली की लक्ष मुद्दाम पंख्याच्या आवाजावर न्या आणि श्वास मोजा: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, दहा वेळा. लक्ष पुन्हा शिट्टीकडे जाईल. जाऊ द्या, परत आणा.

चहा एकदम तोडू नका. चहाने शिट्टी वाढते याला ठोस आधार नाही आणि अचानक सोडल्याने डोकं दुखतं. संध्याकाळी पाचनंतरचा कप मात्र झोपेसाठी टाळावा. दारूने झोप लागते पण पहाटे मोडते, आणि त्या पहाटेच्या शांततेत शिट्टीच उरते.

मनाचं काम

अभ्यासांत सातत्याने उपयोगी ठरलेला उपाय म्हणजे विचार आणि वागणं बदलण्याची समुपदेशन पद्धत, जिला मानसोपचारात सीबीटी म्हणतात. ती शिट्टी कमी करत नाही, शिट्टीचा त्रास कमी करते. शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा, तोपर्यंत एक साधी वही करा.

वहीत रोज एकदाच, रात्री जेवणानंतर, तीन गोष्टी लिहा: आज शिट्टीने किती त्रास दिला, ० ते १०, झोप किती तास, आणि त्रास वाढला तेव्हा मनात नेमकं कुठलं वाक्य आलं. शिट्टी किती मोठी होती ते लिहू नका, त्रास लिहा. दहा-बारा दिवसांत वाक्यं ओळखीची होतात: 'आता हे आयुष्यभर', 'मी बहिरा होणार', 'डोकं फुटेल'. प्रत्येकापुढे खरं आणि छोटं उत्तर लिहा. 'मी बहिरा होणार' यापुढे: 'शिट्टीने बहिरेपण येत नाही. मोठ्या आवाजाने येतं, आणि तो मी टाळतोय.' 'आयुष्यभर' यापुढे: 'आवाज राहील कदाचित, आजच्याएवढा त्रास राहणार नाही.' हे जपासारखं घोकायचं नाही, त्या वेळी एकदा वाचायचं आणि हातातल्या कामाला लागायचं.

घरच्यांसाठी एक विनंती. 'आम्हाला तर काही ऐकू येत नाही' हे वाक्य सगळ्यात जास्त दुखवतं. ऐकू येणार नाहीच, तो आवाज शिट्टी असलेल्या माणसाच्याच मेंदूतला आहे आणि खरा आहे. दर तासाला 'आता कसंय' विचारणंही नको, त्याने लक्ष पुन्हा तिथेच जातं. रात्रीचा पंखा सहन करा, टीव्हीचा आवाज मध्यम ठेवा, एवढी साथ पुष्कळ होते.

झोप नाही, कामात मन नाही, जगणं नकोसं वाटतं, असं होऊ लागलं तर थांबू नका. १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांनी अशा माणसाला एकटं सोडू नये.

पुढच्या लग्नाला जाताना

लग्न टाळत बसायचं नाही. हिशोब कळला की जाता येतं. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठी वापरली जाणारी मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीपुढे १०५ असेल तर पाच मिनिटंही पूर्ण मिळत नाहीत. ज्याला आधीच शिट्टी आहे त्याने यातलाही निम्माच वेळ धरावा. मोबाइलमधली मोजणारी अॅप अंदाज देतात, पण फार मोठ्या आवाजात फोनचा माइक थकतो आणि आकडा कमी दाखवतो. त्यापेक्षा हे सोपं: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ८५ च्या वर आहात.

अंतर हा फुकटचा उपाय. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. तीन मीटरवर १०५ असेल तर बारा मीटरवर ९३ च्या आसपास. गावातल्या अरुंद गल्लीत दोन्ही भिंतींवरून आवाज परततो, तिथे हा हिशोब लागू पडत नाही. म्हणून मिरवणूक गल्लीत शिरली की मागे राहा, चौकात मोकळ्यावर पुन्हा सामील व्हा. गाडीच्या टॉपच्या रेषेत कधीही उभं राहू नका, आणि लेकरांना खांद्यावर घेऊन तर मुळीच नाही. त्यांचा कान बरोबर टॉपच्या उंचीला येतो.

कानात कापूस घालून काही होत नाही. फोमचे प्लग घ्या, मेडिकलमध्ये किंवा एमआयडीसीजवळच्या सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतात. पाकिटावर एनआरआर म्हणून आकडा असतो, प्लग किती डेसिबल आवाज अडवतो त्याचा. त्यातून ७ वजा करून निम्मं करा, प्रत्यक्षात तेवढंच संरक्षण धरा. ३३ लिहिलं असेल तर १३. म्हणजे १०५ चे ९२, आणि पाच मिनिटांच्या जागी साधारण दीड तास. पण हे नीट बसवलं तरच.

बसवायची रीत: हात धुवा. प्लग बोटांत लाटून शेवईसारखा बारीक करा, सुरकुती पडू देऊ नका, सुरकुतीतून आवाज आत शिरतो. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. कानाची वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि बोटाने अर्धा मिनिट दाबून धरा, फुगू द्या. समोरून पाहणाऱ्याला प्लग दिसत असेल तर तो वरवर बसलाय, काढून पुन्हा घाला. बरोबर बसला की स्वतःचं बोलणं मडक्यात बोलल्यासारखं घुमतं. प्लग गाडी दिसल्यावर नाही, घरून निघतानाच घाला. कडक किंवा मळके झाले की फेकून द्या.

शांत घरात मात्र प्लग घालून बसू नका. शिट्टीबरोबर पुष्कळांना साध्या आवाजांचाही त्रास होतो, ताटांचा खणखणाट टोचतो, मग माणूस दिवसभर कान बंद ठेवतो. त्याने मेंदूचं बटण आणखी वर जातं आणि महिन्याभरात पंखासुद्धा सहन होत नाही. तसं सुरू झालं असेल तर वर सांगितलेला मंद आवाज रोज थोडा थोडा वाढवत न्या.

जे या धंद्यातच आहेत, डीजेवर बसणारे, बँडमधले, बँजो आणि ढोल वाजवणारे, त्यांना फोमचा प्लग अडचणीचा होतो. बारीक सूर जास्त कापले जातात आणि गाणं चिखलासारखं ऐकू येतं. त्यांच्यासाठी सगळे सूर सारखे कमी करणारे संगीतकारांचे प्लग येतात, १५ ते २५ डेसिबलचे. बसायची जागा टॉपच्या मागे घ्या, दर तासाला दहा मिनिटं गाडीपासून लांब जा आणि वर्षातून एकदा आलेख काढून मागच्याशी ताडून बघा.

रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी आहे. मोजक्या सणांच्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं. घराशेजारी दहानंतर वाजत असेल तर ११२ वर फोन करता येतो. गावात असा फोन करणं सोपं नसतं, हे खरं. निदान यजमानाला आधी भेटून टॉपचं तोंड घरांकडून वळवायला सांगता येतं, आणि हे बऱ्याचदा ऐकलं जातं.

भर आली की

सगळं नीट चाललेलं असताना एखाद्या आठवड्यात शिट्टी उसळते. सर्दी, दोन रात्रींची जाग्रणं, घरातला ताण, प्रवास, एखादा सुतळी बॉम्ब जवळ फुटणं, कारण काहीही असू शकतं. तीन दिवस हे करा: वही बंद, इंटरनेटवर शोधणं बंद, रात्रीचा आवाज नेहमीच्या जागेपेक्षा किंचित वर, जेवण आणि झोपेच्या वेळा जागच्या जागी, कामाला सुट्टी नाही. ऐकू येणं तपासायला पुन्हा 'हूं' करून पाहा आणि फोन आळीपाळीने दोन्ही कानांना लावा. दोन्हीकडे पूर्वीसारखं ऐकू येत असेल तर वाट पाहा. बहुतेक उसळ्या काही दिवसांत खाली बसतात. एका कानात कमी ऐकू येत असेल तर जुना आलेख घेऊन त्याच दिवशी दवाखाना.